गोल आहेत का बघ

बाकीच्या घरांत अमावास्येला नवी गाडी आणत नाहीत, लांबच्या प्रवासाला निघत नाहीत, केस कापायलाही जात नाहीत. आमच्या मावसभावाच्या, म्हणजे दादाच्या, घरी मात्र नवीन कालनिर्णय भिंतीवर चढलं की पहिल्यांदा अमावास्यांभोवती लाल पेनाने गोल पडतात आणि मग वर्षभर घरातली प्रत्येक गोष्ट त्या गोलांना वळसा घालून जाते. लग्न असो, मुंज असो, नाहीतर दाढ काढायची असो, दादाचं म्हणणं एकच : "पौर्णिमेच्या आसपास बघा ना. पौर्णिमा चांगली." हे त्याने इतक्यांदा म्हटलंय की धाकट्या मावशीला तो अतिशय धार्मिक वाटतो. "आजकालच्या मुलांना तिथीसुद्धा ठाऊक नसते, आणि हा बघा," असं ती चारचौघांत सांगते. (मुलगा पन्नाशी ओलांडलेला आहे.) पौर्णिमेला आकाशात एवढा उजेड असतो की त्याला काहीच काम करता येत नाही, तेव्हा ती रात्र नातेवाइकांना देऊन टाकायची, इतकाच त्यामागचा धर्म.

दादा ताऱ्यांचे फोटो काढतो. 'तारे बघतो' म्हटलेलं त्याला खपत नाही. बघणारे वेगळे. ते दुर्बिणीला डोळा लावतात, 'अहाहा' म्हणतात, थर्मासमधला चहा पितात आणि झोपायला जातात. फोटोवाल्याच्या दुर्बिणीला डोळा लावायला जागाच नसते, तिथे कॅमेरा बसवलेला असतो. त्यामुळे अख्ख्या खानदानातली सर्वांत महाग दुर्बीण बाळगणारा हा गृहस्थ रात्रभर आकाशाकडे पाठ आणि लॅपटॉपकडे तोंड करून बसतो. मान वर करतो ती ढग आले का एवढं बघायला. दुर्बिणीची खरी किंमत फक्त आपल्याला माहीत आहे, असं तो समजतो. वहिनीला त्याने सांगितलेल्या आकड्यात एक शून्य कमी आहे. कस्टम्सची पावती घेऊन आलेल्या कुरिअरवाल्याला दारात वहिनीच भेटली होती, पण ती गप्प बसली आणि पुढच्याच महिन्यात तिने स्वयंपाकघराचं सगळं फर्निचर बदलून घेतलं. दादाने चकार शब्द काढला नाही.

पोटापाण्यासाठी तो चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर शाफ्ट मापायचे, कुठला किती मायक्रॉन लंबगोल झालाय ते काढायचं आणि 'ओव्हॅलिटी आहे' असा शेरा मारून परत पाठवायचे. रात्री हेच काम ताऱ्यांवर. पृथ्वी फिरते म्हणून आकाश दर सेकंदाला पंधरा विकला सरकतं. दुर्बीण तेवढ्याच वेगाने फिरवली नाही तर फोटोत ताऱ्याची रेघ उमटते. फिरवली, पण जरा कमीजास्त फिरवली, तर अंडं उमटतं. दादाच्या आयुष्यातली बहुतेक दुःखं या अंड्यांची आहेत. फोटो आला की तो चारशे टक्के मोठा करायचा, एका ताऱ्यावर नाक टेकवायचं आणि शेजारी जो कोणी असेल त्याला म्हणायचं, "गोल आहेत का बघ." शेजारी मी असतो, त्याची मुलगी असते, एकदा गॅसचा सिलिंडर आणणारा होता. त्याने नीट वाकून पाहिलं आणि "डावीकडचे थोडे लांबलेत" म्हणाला. दादा अजून त्याचं नाव काढतो. असा माणूस कारखान्यात हवा, म्हणतो.

त्याचं आराध्यदैवत म्हणजे ओमेगा सेंटॉरी. नरतुरंग तारकासमूहातला हा बंदिस्त तारकागुच्छ : कोटीभर तारे, एकमेकांच्या गुरुत्वाकर्षणाने जखडलेले, आपल्यापासून सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवर. आपल्या आकाशगंगेत असे दीडशेच्या वर गुच्छ माहीत आहेत, त्यांत हा सगळ्यांत मोठा. नुसत्या डोळ्यांना तो पुसट ताऱ्यासारखाच दिसतो, म्हणून टॉलेमीने त्याला ताऱ्यांच्या यादीत घातलं, १६०३ साली बायरने त्याला ओमेगा हे अक्षरही बहाल केलं. हा तारा नव्हे, हे १६७७मध्ये ओळखलं ते एडमंड हॅलेने, सेंट हेलेना बेटावरून. पॅरिसमध्ये बसून मेसिएने केलेल्या तारकागुच्छांच्या सुप्रसिद्ध यादीत ओमेगा नाही. का नाही, हे दादाला विचारू नये. विचारलंत तर तो खुर्ची पुढे ओढतो. "कारण पॅरिसहून तो उगवतच नाही! लंडनहून नाही, बर्लिनहून नाही. पुण्याहून उगवतो." पुण्याचा अभिमान बाळगायला पुणेकरांना कारणांचा तुटवडा कधीच नव्हता, पण हे कारण फक्त दादापाशी आहे आणि माझ्या मते बाकीच्या पुष्कळ कारणांपेक्षा ते भक्कम आहे.

उगवतो म्हणजे तरी किती? चित्रा तारा मध्यमंडलावर आला की तिथून नाकासमोर खाली दक्षिणेकडे उतरायचं. क्षितिजापासून चोवीस अंशांवर ओमेगा. पुण्यात तो याच्या वर कधीच चढत नाही. एवढ्या खालून येणारा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या मानाने जवळजवळ अडीचपट हवेतून येतो, त्यामुळे तारे लटपटतात, फुगतात, मधले तर एकमेकांत मिसळून जातात. उत्तरेला शौरी तारकासमूहात एम १३ नावाचा देखणा गुच्छ आहे, हॅलेनेच १७१४ साली शोधलेला. तो पुण्यात चांगला डोक्याजवळ येतो. १९७४मध्ये आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून माणसाने संदेश पाठवला तोही त्यालाच. तो का नाही काढत, असं मी एकदा विचारलं. "तो सगळेच काढतात," दादा म्हणाला, ज्या सुरात लोक माथेरानला जाणाऱ्यांबद्दल बोलतात त्या सुरात.

ओमेगाचा हंगाम फेब्रुवारी ते मे. सुरुवातीला पहाटे उठावं लागतं, मे महिन्यात तो रात्री साडेदहाच्या सुमारालाच मध्यमंडलावर असतो, आणि जूनमध्ये पाऊस. म्हणजे वर्षाला चार अमावास्या. एक ढगात जाते, एक मार्च एंडमध्ये, एक लग्नात, कारण मुलाकडचे पौर्णिमेला तयार होत नाहीत. उरते एक. त्या एका रात्रीसाठी गाडीची मागची सीट आडवी होते, डिकीत इन्व्हर्टरची बॅटरी बसते, आणि पुढच्या सीटवर दुर्बिणीची पेटी पट्टा बांधून. मी मागे, तिकाटण्याला मिठी मारून. वजनाच्या चकत्या मांडीवर.

जायचं भोरच्या बाजूला. पुण्याच्या उत्तरेला गेलं तर शहराचा सगळा उजेड नेमका दक्षिणेला येतो, आणि देव तर दक्षिणेला. पेंचच्या जंगलाला जानेवारी २०२४मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, तेव्हापासून तिकडे जायचं दादाच्या मनात आहे. वहिनी लगेच तयार झाली होती, तिला वाघ बघायचाय. पण वाघाची सफारी पहाटे, आणि पहाट ही दादाची झोपायची वेळ. त्यामुळे तूर्त भोर. दादाच्या मित्राचं तिथे शेत आहे, शेतावर राखणीला असणारे मामा आहेत, आणि वीज वेळेवर जाते. वीज जाण्याची वाट बघणारी महाराष्ट्रातली ही एकच जमात असावी.

तिथल्या पहिल्याच खेपेची गोष्ट. अमावास्येची मध्यरात्र. माळावर तीन अनोळखी माणसं. अंधाराला सरावलेले डोळे बिघडू नयेत म्हणून हे लोक लाल दिवे वापरतात, तेव्हा डोक्यांना लाल दिवे. मधोमध तिकाटण्यावर एक जाडजूड काळं नळकांडं, आणि एक जण गुडघे टेकून जमिनीत काहीतरी रेटतोय. (तो दादा. तिकाटण्याचा पाय हलू नये म्हणून खाली वीट बसवत होता.) गावाने जो निष्कर्ष काढायचा तो काढला. गुप्तधन! पाऊण तासात पंधरावीस माणसं काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन वर आली. माझ्या पायांतलं त्राण गेलं. सगळ्या बॅटऱ्यांचा झोत आमच्यावर पडला आणि दादा, ज्याने तोपर्यंत मान वर केली नव्हती, तो ताडकन उठून ओरडला, "बॅटऱ्या बंद करा आधी! फ्रेम चालू आहे!"

इतक्या हक्काने ओरडला की त्यांनी खरंच बंद केल्या. गुप्तधन काढणारा माणूस असा ओरडत नाही, हे गावाला तिथेच पटलं असणार. मग पोलीस पाटलांनी लॅपटॉपमध्ये डोकावून विचारलं, हे काय आहे? दादा म्हणाला, एक कोटी तारे. मागे एक म्हातारबाबा काठीवर हनुवटी टेकून उभे होते. ते म्हणाले, "मोजलं कुनी?"

आजवर एवढा नेमका प्रश्न दादाला ना नातेवाइकांनी विचारला होता ना सोसायटीच्या चेअरमननी. ते त्याला शनी कधी बदलतोय एवढंच विचारतात. तो तिथल्या तिथे बांधावर बसला आणि म्हाताऱ्याला सोलोन बेलीची हकिकत सांगायला लागला : पेरू देशात आरेकिपा गावी हार्वर्डची वेधशाळा होती, तिथे या बेलीने १८९०च्या दशकात काचेच्या पट्ट्यांवर ह्याच गुच्छाचे फोटो काढले, त्यातले हजारो तारे एकेक करून मोजले, आणि ज्यांचं तेज कमीजास्त होतं असे शंभराच्या वर रूपविकारी तारे हुडकले. बाकीचे अंदाजाने. "म्हंजी पुरतं न्हाई मोजलं," बाबा म्हणाले. "नाही," दादा म्हणाला, "मधले मोजताच येत नाहीत, फार दाटी आहे." बाबांना हे पटलं. जत्रेतही मधली माणसं मोजता येत नाहीत, म्हणाले. त्या रात्रीपासून गावात दादा 'ताऱ्याचे साहेब' आहे आणि मे महिन्यात गेला की त्याला पाऊस कधी ते विचारतात.

आता प्रत्यक्ष विधी. पहिला ध्रुवाचा. दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर करायचा, त्यासाठी ध्रुवतारा लागतो. भोरहून तो उत्तरेला जेमतेम अठरा अंशांवर आणि पुण्याच्या पिवळ्या उजेडात बुडालेला. त्यातून तो खऱ्या ध्रुवबिंदूवर नाहीच, अर्ध्या अंशाहून थोडा जास्तच बाजूला आहे, आणि चोवीस तासांत तोही आपला छोटासा फेरा मारतो. दादाने ध्रुवबाळाच्या गोष्टीचा आमच्या भाच्यांसमोर याच मुद्द्यावर निकाल लावला होता. "अढळ वगैरे काही नाही. हलतो." धाकटा भाचा रडला. दादाला वाईट वाटलं, म्हणून त्याने समजूत घातली, "पण फार थोडा हलतो रे."

दुसरा फोकसचा. दुर्बिणीच्या तोंडावर तिरप्या फटी पाडलेला एक पुठ्ठा लावतात, पवेल बाहतिनॉव्ह नावाच्या रशियन माणसाची ही युक्ती. ताऱ्याला तीन शेपट्या फुटतात, मधली बरोब्बर मध्यात आली की फोकस झाला. ती येते, आणि दादा स्क्रू घट्ट करतो, आणि ती जाते.

मग मोजणी. एका गुच्छात इतका ढळढळीत मध्य आणि इतक्या अंधुक कडा असतात की एकाच फोटोत दोन्ही बसत नाहीत. कडेचे तारे यावेत म्हणून दोन मिनिटं उघडं ठेवलं तर मध्य पांढराफटक होतो. "कोअर जळला" असं ते म्हणतात. म्हणून मध्यासाठी पंधरा-वीस सेकंदांचे शेकडो फोटो, कडांसाठी जास्त वेळाचे थोडे, आणि नंतर हे सगळे एकावर एक रचून त्यांचा एक करायचा. फोटो चौपट घेतले तर त्यांतली खरखर दुपटीनेच कमी होते. ह्या हिशेबाला अंत नाही, आणि दादाच्या "अजून थोडा डेटा हवा" या वाक्यालाही नाही. 'फोटो' हा शब्द तो वापरतच नाही. 'डेटा आला', 'डेटा बरा आहे', 'डेटा गेला'. बँकेतलं कर्ज फिटल्यावरसुद्धा त्याचा चेहरा 'डेटा बरा आहे' म्हणतानाएवढा उजळला नव्हता.

यातला सगळ्यांत क्रूर नियम असा की ओमेगा ज्या क्षणी मध्यमंडलावर येतो, म्हणजे सगळ्यांत उंच, सगळ्यांत स्वच्छ, नेमक्या त्याच वेळी दादाकडच्या प्रकारच्या माऊंटवरची, म्हणजे फिरत्या बैठकीवरची, दुर्बीण तिकाटण्याला धडकायच्या बेतात येते आणि तिला अख्खी उलटी फिरवून पलीकडून पुन्हा रोखावी लागते. मेरिडियन फ्लिप. ज्या चोवीस अंशांसाठी वर्ष काढलं, तिथे पोचल्यावर काम थांबवायचं. मोटर घरघरते, नळकांडं सावकाश कूस बदलतं, आणि वायरी ताणत जातात. आम्ही सगळे श्वास रोखून एकेक वायर हातात धरून उभे असतो. दादा तोंडाने "सावकाश, सावकाश, बाळा" म्हणतो. स्वतःच्या मुलीला सायकल शिकवताना तो एवढ्या मायेने बोललेला मला आठवत नाही. फिरून झाल्यावर पहिला फोटो येतो आणि पुन्हा : "गोल आहेत का बघ."

पहाटे ओमेगा डोंगराआड गेला की माणसाने झोपावं. दादा तेव्हा दुर्बिणीला टोपण लावतो आणि पुन्हा फोटो काढायला लागतो. कॅमेऱ्याच्या स्वतःच्याच काही खोडी असतात, तापलेले ठिपके, मुरलेले डाग. त्या अंधारात टिपून खऱ्या फोटोतून वजा करायच्या. हे मामांना इतक्या वर्षांत पटलेलं नाही. दरवेळी ते चहा घेऊन येतात, बघतात, आणि हळूच, साहेबांचा अपमान होऊ नये अशा बेताने सांगतात, "टोपान काडायचं ऱ्हायलंय." दादा म्हणतो, "मुद्दाम लावलंय मामा." मामा माझ्याकडे बघतात. मी दुसरीकडे बघतो. जुन्या कॅमेऱ्याच्या काळात तर हे टोपण लावलेले फोटो घरी काढले जायचे, आणि रात्रीचं तापमान जुळावं म्हणून कॅमेरा फ्रिजमध्ये ठेवायचा. दह्याच्या पातेल्याशेजारी, पिशवीत गुंडाळून. कोथिंबिरीची जुडी काढताना वहिनीच्या हाताला आतून 'खट्ट' लागायचं.

आणि उजाडताना धोतर. कॅमेऱ्याच्या काचेवरची धूळ आणि कडेचा काळोख मापण्यासाठी एकसारख्या पांढऱ्या उजेडाचा फोटो लागतो. बाजारात त्यासाठी दिव्याच्या चपट्या पाट्या मिळतात. दादा मात्र आजोबांचं जुनं धोतर चौपदरी करून दुर्बिणीच्या तोंडाला बांधतो आणि ती पहाटेच्या आकाशाकडे रोखतो. एवढं एकसारखं सूत आता मिळत नाही, असं तो म्हणतो. आजोबा वारले तेव्हा कुणी घड्याळ घेतलं, कुणी पोथ्या. दादाने धोतरं मागितली तेव्हा सगळ्यांचे डोळे भरून आले होते.

ढग आले की गोष्टी सुरू होतात. पहिली हॅलेची. पोरगा विशीत ऑक्सफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून सेंट हेलेनाला गेला, तिथे ढगांनी त्याला छळलं, तरी ३४१ ताऱ्यांची यादी घेऊन परतला. दुसरी ल जाँतीलची. हा फ्रेंच माणूस १७६१चं शुक्राचं अधिक्रमण बघायला पाँडिचेरीला निघाला, तोवर ते इंग्रजांनी घेतलेलं, त्यामुळे अधिक्रमण हलत्या जहाजावरच गेलं. पुढचं आठ वर्षांनी, म्हणून तो इकडेच राहिला. १७६९ला पाँडिचेरीत सगळी सिद्धता करून बसला, आणि त्या सकाळी नेमके ढग. मायदेशी परतला तर वारसांनी त्याला मेला समजून इस्टेटीला हात घातलेला. ही गोष्ट दादा घरीही सांगतो, आपण किती सौम्य आहोत हे कळावं म्हणून. वहिनीने एकदा विचारलं, "त्याला बायको होती?"

"नाही. परत गेल्यावर लग्न केलं त्याने."

"शहाणा होता," वहिनी म्हणाली. "आधी हे उरकलं."

तिसरी गोष्ट तो क्वचित सांगतो. १९८६चा एप्रिल, हॅलेचा धूमकेतू आलेला, दादा बारा वर्षांचा. अप्पाकाका त्याला मध्यरात्री स्कूटरवरून सिंहगडाच्या पायथ्याशी घेऊन गेले. कुणाची तरी मागून आणलेली दुर्बीण, दोन नळ्यांची, गळ्यात अडकवायची. त्या दिवसांत धूमकेतू नरतुरंगातून चालला होता, ओमेगाच्या जवळूनच. दक्षिणेला, डोंगराच्या वर, दोन पुसट डाग. अप्पाकाकांनी बोट केलं, "तो बघ हॅले!" दादाने पाहिलं. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना सांगितलं, निबंधात लिहिलं, बक्षीस मिळालं.

"पण अप्पांचं बोट दोघांच्या मधे होतं रे," भोरच्या त्या माळावर, ढगांखाली, दादा म्हणाला. "आणि मी पाहिला तो गोल होता. मला पक्कं आठवतंय. छान गोल होता, शेपूटबिपूट काही नाही. धूमकेतू एवढा गोल नसतो."

म्हणजे बक्षीस मिळालं ते ओमेगाच्या निबंधाला. अप्पाकाका जाऊन बरीच वर्षं झाली, आता विचारणार कुणाला? हॅले परत येणार २०६१ला, तेव्हा दादा सत्याऐंशीचा. "ओमेगा बरा. दर वर्षी येतो," असं म्हणून तो उठला आणि ढगांना एक अस्सल चाकणी शिवी देऊन चहासाठी पावडरचं दूध शोधायला लागला.

पुण्याला आल्यावर पुढचे काही आठवडे तो संगणकाला जुंपलेला. सुरुवातीला पडद्यावर काळाकुट्ट चौकोन असतो. "दिसतंय ना?" तो विचारतो. मग एक पट्टी डावीकडून उजवीकडे कणाकणाने सरकवतो, आणि त्या काळोखातून आधी मध्य, मग कडा, आणि मग, खरं सांगतो, माझ्यासारख्या तिऱ्हाईताच्याही अंगावर काटा येतो. सगळे तारे पांढरे नसतातच. मधूनमधून नारिंगी, म्हातारे होऊन फुगलेले तांबडे राक्षसी तारे, थोडे निळे. बारा अब्ज वर्षांच्या आसपासचं सगळं गोत. दादा मात्र तेव्हा खालच्या उजव्या कोपऱ्यात असतो. "इथे टिल्ट आहे," म्हणतो. तिथे अंडी आहेत.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडला की पहिलं उत्तर येतं 'सुप्रभात'. मग जोडलेले हात. मग एक आते, "साबुदाणा सांडलाय की काय रे?" मग ठाण्याचा चुलतभाऊ हबल दुर्बिणीचा फोटो टाकतो आणि खाली लिहितो, 'यात जास्त क्लिअर आहे.' दादा त्याला उत्तर देत नाही. पण २०२४मध्ये बातमी आली की हबलच्या वीस वर्षांतल्या पाचशेहून जास्त फोटोंवरून ओमेगाच्या पोटात मध्यम वजनाचं कृष्णविवर असल्याचा पुरावा मिळाला, ती त्याने वहिनीला मोठ्याने वाचून दाखवली. "हबललासुद्धा वीस वर्षं लागली. पाचशे फोटो!" वहिनी भाजी निवडत म्हणाली, "त्यांना परत परत बोलवायला लागत नाही ना कुणाला, जेवायला."

मोठा करून भिंतीवर लाव, असं सगळे सांगत होते. दादा लावत नव्हता, कोपऱ्यामुळे. शेवटी वहिनीने त्याच्या वाढदिवसाला परस्पर फोटो छापून आणला, तो कोपरा कापून, फ्रेम करून सोफ्याच्या वर टांगला. दादा संध्याकाळी आला, चपला काढता काढता थबकला आणि म्हणाला, "उलटा लावलाय."

"कोटीभर ठिपक्यांत वरखाली कुणाला कळणार आहे?"

"उत्तर खाली गेली," असं पुटपुटत त्याने स्टुलावर चढून फ्रेम फिरवली.

रात्री जेवायला धाकटी मावशी आणि काका होते. मावशीने चष्मा लावून, जवळ जाऊन, नीट फोटो पाहिला. "छान आहे हो. पण जरा चपटा नाही का आला?"

मी ताट हातात घेऊन जागीच थांबलो. आयुष्यभर ज्याने गोलाईपायी झोप घालवली त्याला भर वाढदिवशी हे. पण दादा एकदम शांत. किंबहुना खूश.

"बरोबर पाहिलंस मावशी. तो चपटाच आहे. गोलाकार म्हणतात, पण हा गुच्छ स्वतःभोवती फिरतो ना, त्यामुळे मधे फुगलाय. त्यात माझी काही चूक नाही. त्याला कुणी गोल करायचा नाही."

"फिरून फुगतात होय?" मावशी म्हणाली. "आमच्याकडे तर बसून फुगतात."

काकांनी दुसरा बेसनलाडू उचलला.